कळसाखालचा अँटेना

उदारीकरण दिल्ली-मुंबईत केव्हाच पोचलं होतं. बीड जिल्ह्यात ते पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कपिलधारपलीकडच्या डोंगरकुशीतल्या एका गावात रेडिओवर चालणारा, बिनतारी सार्वजनिक फोन बसवायचा होता. मी नवा इंजिनिअर. साहेबांनी नकाशावर पट्टी ठेवून टॉवरपासून गावापर्यंत रेघ मारली आणि म्हणाले, "मधे काही आडवं नाही. जा, लावून ये."

आडवं नव्हतं, हे खरं. पण रेडिओची लाट काय साहेबांची पट्टी बघून चालते? ती सरळ येते, शिवाय समोरच्या कड्यावर आपटून जरा उशिरानेही येते. दोघी जुळल्या तर आवाज खणखणीत, नाहीतर एकमेकींना गिळून टाकतात. पुढे मी अल्ट्रा-वाइडबँडची यंत्रं रचली. त्यात इतका आखूड ठोका पाठवतात, की सरळ आलेला आणि आपटून आलेला वेगवेगळे ओळखू येतात. तेव्हा माझ्याकडे होता फक्त अँटेनाचा खांब. तो उंच करायचा, नाहीतर छपरावर चढून हातभर इकडंतिकडं सरकवत बसायचं. सकाळी जमलं तर दुपारी बिघडायचं. वैताग नुसता!

उंच करायला निघालो, तर गाव आडवं आलं. फोन ज्याच्या दुकानात होता तो दुकानदारच म्हणाला, "महादेवाच्या कळसापरीस उंच काईच जाऊ द्यायचं न्हाई." त्यापायी गावात कुणी घरावर दुसरा मजलाही चढवला नव्हता. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सिग्नल मोजायच्या मीटरचा काटा हलतोय ना? मग चालू झाला म्हणून कळव."

बाजारच्या दिवशी एक बाई दुकानात येऊन बसली. तिची लेक ऊसतोडीला गेलेली, दिवस भरलेले. जावई कारखान्यावरून फोन करणार होता. फोन वाजला. पलीकडचा आवाज फुगला, बुडाला, पुन्हा फुगला. बाई "लेक कशी हाय?" एवढंच ओरडत राहिली. मी रिसीव्हर कानाला लावला. एक शब्द लागेना. रिसीव्हर तिच्या हाती देऊन छपरावर धावलो, खांब सरकवला. खाली आलो तेव्हा आवाज लख्ख येत होता, फोन कटल्याचा. परत लावायला नंबरही नव्हता.

बाईनं माझा हात धरला. "साहेब, तुमीबी ऐकलं न्हवं? जावई रडत व्हता का हसत, येवढंच सांगा."

मला तेही कळलं नव्हतं.