बहिणीच्या गावात हॉटेलचा मुक्काम

सकाळची मुखेड-लातूर एस.टी. लागली आणि आम्ही नवरा-बायको चोरासारखे तिच्यात चढलो. तिकीट काढलेलं, पिशव्या आमच्याच, लग्नाला एकतीस वर्षं झालेली. तरी मी टोपी कपाळावर ओढून बसलो होतो आणि सुनंदानं पदर तोंडापर्यंत आणला होता. लातूरला दोन रात्री राहायचं होतं. हॉटेलात. आणि त्याच लातुरात, त्या हॉटेलापासून रिक्षानं दहा मिनिटांवर, माझी सख्खी थोरली बहीण राहते.

आमच्या भागात याचा अर्थ काय होतो, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. गावात बहीण असताना भाऊ लॉजवर उतरला, तर लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर भावा-बहिणीत कोर्टकचेरी चालू आहे, नाहीतर बहिणीनं हाकलून दिलं. तिसरं कारण असू शकतं, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

आमचं कारण तिसरं होतं. मी वीज कंपनीत वायरमन होतो, गेल्या वर्षी रिटायर झालो. तेव्हा सुनंदाला विचारलं, "तुला काय पाहिजे ते सांग." मला वाटलं पाटल्या म्हणेल. ती म्हणाली, "दोन सकाळी उशिरा उठायचंय. आपल्या घरी न्हाई, कुनाच्याच घरी न्हाई." मी आठवून पाहिलं. आम्ही कुठंही गेलो, पुण्याला मुलाकडं, नांदेडला चुलतभावाकडं, लातूरला आक्काकडं, तरी ही पाहुणी म्हणून शिरते आणि पहाटे पाचला त्या घरच्या पोळपाटाशी बसलेली दिसते. नाही म्हणायला मला जागा नव्हती.

मग दोन महिने बेत चालला. मुलानं फोनवर हॉटेलांची चित्रं पाठवली. जेवणं झाली की सुनंदा चष्मा लावून ती बघत बसे, मुलीसाठी स्थळ बघावं तशी. एकाच्या पायऱ्या फार, एकाचा रस्ता अंधारा. शेवटी गंजगोलाईजवळचं नवं, काचेचं, पाचमजली हॉटेल तिच्या मनात भरलं. गंजगोलाई म्हणजे लातूरची गोल बाजारपेठ; मधे देवीचं देऊळ, भोवती दुकानांचं कडं आणि चारी बाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. पण तिला त्याचं अप्रूप नव्हतं. तिनं फोन लावून स्वतः चौकशी केली.

"नाष्टा कधीपोतर असतो?"

"साडेदहापर्यंत, मॅडम."

"आन अंथरून कोन काढतंय?"

पलीकडची पोरगी हसली असावी. मग म्हणाली, "आम्हीच काढतो."

"मंग हेच," म्हणून सुनंदानं फोन ठेवला.

आक्काला कळू द्यायचं नाही, एवढं ठरलं. कळलं की ती घरी ओढून नेणार, आणि घरी गेलं की पोळपाट आलाच.

जांबपर्यंत सगळं सुरळीत होतं. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यावर आलेला, करडई काटे काढून उभी, ज्वारी नुकती हुरड्याला लागलेली. उन्हाला अजून धार नव्हती. शिरूर ताजबंदला एक जाडजूड बाई चढल्या आणि आमच्या बाकावर टेकल्या. दोन माणसं एका बाकावर बसली की काहीतरी नातं किंवा ओळख निघेपर्यंत विचारत राहायचं, ही आमच्याकडची रीत. न विचारणं म्हणजे उर्मटपणा, आणि न सांगणं त्याहून वाईट.

"कोन्तं गाव म्हनायचं?"

"मुखेड."

"लातुरात कुनाकडं?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण तोंडाची सवय वाईट. मी म्हणालो, "बहीण हाय तिथं."

"कोन्त्या गल्लीत?"

मी गल्ली सांगितली. चाकूर येईपर्यंत बाईंनी भाऊजींचं नाव, त्यांची नोकरी, दाराशी असलेलं शेवग्याचं झाड, सगळं काढून घेतलं आणि आष्टामोडला मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "आगं बाई! मंग तुमी सुलोचनाबाईचे भाऊच की! माझ्या जावंचं घर त्यांच्या भितीला भीत लागून हाय. सांगते आज." सुनंदानं माझ्याकडं असं पाहिलं, की खांबावर चढताना विजेची भीती वाटली नाही तेवढी तेव्हा वाटली.

"आता?" मी हळूच विचारलं.

"आता काय? गाडी थांबून राहिली का आपल्यासाठी? चला."

हॉटेल चित्रातल्यापेक्षा देखणं निघालं. आत पाऊल टाकलं तर फरशीत आपलंच तोंड दिसावं. सुनंदानं सवयीनं चपला दाराबाहेर काढल्या आणि अनवाणी काउंटरपाशी आली. तिथल्या मुलीनं आधी हिंदीत स्वागत केलं, मग आमची आधार कार्डं पाहिली आणि म्हणाली, "मुखेड? मी उदगीरची काकू. चपला घालून या, पाय गार पडतेत." तिथून पुढं ती आमचीच झाली.

खोली चौथ्या मजल्यावर. पांढरीशुभ्र गादी, चार उशा, खिडकीतून खाली गंजगोलाईचं सगळं कडं. पण दिवा लागेना. मी सगळी बटणं दाबली. रिटायर झालो तरी टेस्टर माझ्या खिशात असतो, तो काढला आणि स्टुलावर चढून बोर्ड तपासायला लागलो. सुनंदानं खाली फोन केला. उदगीरची पोरगी वर आली, तिनं माझ्या हातातलं दाराचं कार्ड घेतलं, भिंतीतल्या एका फटीत ठेवलं आणि खोली उजळली. तालुकाभर उजेड पाडत फिरलेला माणूस स्टुलावर टेस्टर धरून उभा होता. सुनंदा गादीवर आडवी होऊन इतकी हसली की तिचा चष्मा पडला. तिला इतकं मोकळं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं, म्हणून मला माझ्या फजितीचंही काही वाटलं नाही.

दुपारी खाली उतरून गाड्यावर निलंगा राईस (पिवळा, मसाल्याचा, वर तर्री घेतलेला भात) खाल्ला. गोलाईला दोन फेऱ्या मारल्या. आक्कासारखा जाड भिंगाचा चष्मा घातलेली कुठलीही बाई दिसली की मी छत्र्यांच्या दुकानात शिरायचो. दुकानदारानं शेवटी विचारलं, "घ्यायची हाय का नुस्तं लपून राहिलाव?"

दुसऱ्या दिवशी पाचला मला जाग आली ती नळाच्या आवाजानं. सुनंदा उठलेली. तिची बाजू झाडून, चादरीची चौघडी घालून पायथ्याशी ठेवलेली, आदल्या रात्रीचे कप धुऊन पालथे घातलेले, आणि आता ती ओल्या रुमालानं टेबल पुसत होती.

"अगं, झोप की!"

"डोळाच लागंना. पडून पडून पाठ दुखाय लागली." ती खिडकीशी जाऊन बसली. हात मांडीवर ठेवले, मग काढले, मग परत ठेवले. दोन महिने जिच्यासाठी बेत केला ती सकाळ हिला वापरताच येत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

सातला दार वाजलं. मला वाटलं चहा. दारात आक्का. एका हातात डबा, दुसरा कमरेवर.

"दिगू, मी मेले का रं?"

"आक्का, तसं न्हाई..."

"मंग कसं हाय? शेजारीन दारात येऊन सांगती, तुजा भाऊ आलाय म्हनं. मी रातभर वाट बघून राहिले. सकाळी पुन्याला तुज्या पोराला फोन लावला तव्हा ह्या हाटेलचं नाव कळलं. गल्लीत तोंड दाखवाय जागा ठिवली न्हाईस तू. काय कमी हाय माझ्या घरी?" तिनं डबा माझ्यापुढं धरला. "धपाटे केलेत. उचल पिशव्या. घरी चला."

माझी ही बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिनं उचल म्हटलं की मी उचलतो, लहानपणापासून. मी वाकलो आणि पिशवी उचलली. वर पाहिलं तर सुनंदा माझ्या हाताकडं बघत होती. ती रागावली नव्हती. हे असंच होणार, हे माहीत असल्यासारखी बघत होती, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

मग ती उठली. एकतीस वर्षांत नणंदेपुढं वर मान न केलेली बाई.

"आक्का, एक इचारू? तुमी मुखेडला येता तव्हा किती वाजता उठता?"

"आता हे कामून काढलंस?"

"सांगा की."

"उठते आठ-नवाला. माहेर हाय माझं ते."

"हाव. मी च्या आनून देते, तुमी गोधडीतच पिता. मला लई बरं वाटतंय तुमी तसं झोपलेल्या बघून." सुनंदा थांबली. "माझी आई गेली. भाऊ हैदराबादला गेला, नायगावच्या घरात आता दुसरी मान्सं राहतेत. मला तसं झोपाय कुठं हाय, आक्का? तुमच्या घरी मी भावजय हाय. तुमी झोप म्हनता, खरं हाय. पन परातीचा आवाज आला की भावजयीला पडून ऱ्हावत न्हाई. म्हून मीच ह्यांना म्हनले, हाटेलात चला. ह्यांचा काय दोष न्हाई."

आक्कानं हातातला डबा टेबलावर ठेवला, चष्मा पुसला. "बरं," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. लिफ्टची सवय नसल्यानं चार मजले जिन्यानं उतरतानाचा तिच्या चपलांचा आवाज आम्ही दोघं ऐकत राहिलो.

मी म्हणालो, "जाऊन समजूत काढतो."

"जायचं तर तुमी जा. मी हितंच हाय," सुनंदा म्हणाली. मी पिशवी खाली ठेवली. कुठं तरी एकदा ठेवायला पाहिजेच होती.

धपाटे आम्ही गादीवरच बसून खाल्ले, हॉटेलातलं दही मागवून. चांगले झाले होते. लसूण आक्काच्याच हातचा. तो दिवस तसा छान गेला, पण आतून टोचत होतं. सिद्धेश्वराच्या देवळात सुनंदा बराच वेळ डोळे मिटून बसली. ट्यूशनच्या पोरांची झुंबड बघत रस्त्यावर कुल्फी खाल्ली. आक्काला तीनदा फोन केला. तिनं उचलला नाही.

आणि शेवटच्या सकाळी सुनंदा झोपली. पाच वाजले, सहा वाजले, खाली गोलाईत दुकानांची शटरं वर जाण्याचा खडखडाट झाला, तरी ती भिंतीकडं तोंड करून, एक हात उशीखाली घालून गाढ. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं, म्हणून असेल. मी खुर्चीत बसून राखण केली. खोली झाडायला आलेल्या बाईला दारातूनच हातानं परत लावलं. पावणेनवाला खाली जाऊन स्वतः चहा घेऊन आलो. तिनं डोळे उघडले तेव्हा कप समोर होता.

"किती वाजले?"

"नवाला आले."

"आगं बया!" ती ताडकन उठून बसली, आणि मग तिलाच हसू आलं. चहा तिनं पांघरुणातच प्याला, अगदी सावकाश.

अकराला खोली सोडून खाली आलो, तर काउंटरसमोरच्या मखमली सोफ्याच्या कडेला आक्का बसलेली. मांडीवर कापडी पिशवी. इतक्या लोकांत आता ही काय काय बोलणार!

"सुनंदा, हिकडं ये. बस." सुनंदा बसली. "न्हाई, तशी न्हाई. पूर्वेला तोंड करून बस."

आक्कानं पिशवीतून करंडा काढला. हळदीकुंकू लावलं. मग खण, नारळ, ओंजळभर तांदूळ.

"पदर पसर. हे हाटेलवाले समदं करत असतेन, गादी घालतेत, च्या देतेत. वटी भरतेत का? न्हाई ना? माहेरवाशिनीला रिकाम्या पदरानं धाडू नये." आक्कानं तांदूळ पदरात घातले. "मला कवाच कळलं न्हाई ते, बाई. आता कुठंबी उतर तू. हितं उतर, माझ्याकडं उतर. पन जाताना वटी माझ्या हातची."

सुनंदा पाया पडायला वाकली, तोच आक्कानं तिला वरच्यावर धरलं आणि दोघी तशाच राहिल्या. मी वळून काचेबाहेर पाहू लागलो. काय दिसलं ते विचाराल तर सांगता येणार नाही. उदगीरची पोरगी काउंटरमागून आली आणि तिनंही कपाळ पुढं केलं. आक्कानं तिला कुंकू लावलं आणि विचारलं, "तू कुनाची गं?"

परतीच्या गाडीत सुनंदानं तो नारळ पदरात घट्ट धरून ठेवला होता. पिशवीत ठेव म्हटलं, तर मान हलवली. आम्ही दोन महिने खोली शोधत होतो; खिडकी, गरम पाणी, नाष्टा किती वाजेपर्यंत, सगळं विचारून ठरवलं होतं. हिला काय हवं होतं ते मला एकतीस वर्षं एका घरात राहून कळलं नव्हतं. ते तिच्या तोंडून ऐकावं लागलं, आणि तेही ती दुसऱ्याशी बोलत असताना.

दिवस मावळायला मुखेडला पोचलो. शेजारच्या गंगाबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. "कुठं गेल्ता वो दोन दिस?" त्यांनी विचारलं.

"माहेराला," सुनंदा म्हणाली.

नायगावचं घर गेल्याचं गंगाबाईंना ठाऊक होतं. त्या काही बोलणार होत्या, पण त्यांना भरलेला पदर दिसला. त्यांनी मेथी बाजूला सारली आणि सुनंदाला बसायला जागा करून दिली.

मी कुलूप काढायला पुढं झालो. किती वर्षांनी मला असं वाटलं, की मी माझ्या बायकोला सासरी घेऊन आलोय.