डाव्या गालातला चट्टा

दातांच्या कॉलेजात मॅडमचा दरारा असा, की त्या आल्या की खुर्च्यासुद्धा ताठ बसतात, असं मुलं म्हणायची. पण शिकवणं जीव ओतून. "तोंड तपासायचं म्हणजे घर झाडायचं. मधली फरशी कोणीही झाडतं, तुम्ही कोपरे झाडा. ओठ, गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. दात सगळ्यात शेवटी. ते कुठे पळून जात नाहीत!"

दर नव्या बॅचला दाखवायला त्या आपल्या एका जुन्या पेशंटला, मामांना, बोलवायच्या. मामा निवृत्त कंडक्टर. उभी नोकरी डाव्या गालात तंबाखूची गोळी धरून केली. तंबाखू सुटली, पण गालात पांढरा चट्टा मागे ठेवून गेली. पुसून न जाणारा, किंचित खरखरीत. तपासणीत साधा निघाला होता, पण असा चट्टा पुढेमागे कॅन्सरकडे वळू शकतो, म्हणून मॅडम त्याच्यावर डोळा ठेवून असायच्या. त्या चट्ट्यावर.

मामी सोबत यायच्या आणि बाकावरून टोला हाणायच्या, "घरी यांचं तोंड बंद कसं करायचं हा प्रश्न, आणि इथे उघडल्याबद्दल आभार मानतात!"

एकदा रांगेत एक मुलगी होती. संथ, म्हणून वर्गाने तिचं नाव गोगलगाय ठेवलेलं. बाकीच्यांनी मामांचा गाल आरशाने ओढला, चट्टा पाहिला, बाजूला झाले. हिने गॉझच्या जाळीदार कापडात मामांची जीभ धरली, हलकेच बाहेर ओढली आणि उजवी कड बघत बसली. मागची मुलं खोकायला लागली.

"अगं, मी डावा गाल म्हटलं ना? जिभेवर काय शोधतेस?"

"मॅडम, इथे कडेला लाल दिसतंय. मखमलीसारखं."

मॅडमनी उभ्या जागेवरूनच नजर टाकली. "दाढेची कड लागत असेल. पाहायचं ते पाहा आणि हो बाजूला. मामांना दिवसभर आ करून बसवायचंय का?"

जीभ सुटताच मामाही हसले. "पोरी, राहू दे बाई जीभ, मला अजून तिनेच बोलायचंय!" सगळे हसले. मुलगी कानापर्यंत लाल झाली. वहीत तिने लिहिलं: डावा गाल, पांढरा चट्टा. उत्तर बरोबर होतं. मॅडमनी पूर्ण गुण दिले.

धान्य निवडताना एक खडा हाती लागला की बाईला वाटतं, झालं निवडून. दुसरा खडा तिथेच असतो. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल चट्टा जास्त घातकी, हे मॅडमच दरवर्षी फळ्यावर लिहायच्या.

काही महिन्यांनी मामी एकट्याच आत आल्या. मामा दाराशी उभे, गप्प. "जेवताना डोळ्यांत पाणी येतं यांच्या. बोलायचंही टाळतात. म्हटलं, काहीतरी बिनसलंय." मॅडमनी जिभेची उजवी कड बोटाने चाचपली. तिथे आता जखम होती, तिच्या कडा टणक लागल्या. बोट मागे घेण्याआधीच त्यांना कळलं, हा कॅन्सर, आणि मग ती मुलगी आठवली.

जीव वाचला, देवाची कृपा. पण ऑपरेशनात अर्धी जीभ गेली. मामांचं बोलणं आता मामींनाच समजायचं. त्या एकेक वाक्य लोकांना उलगडून सांगायच्या.

मॅडम त्यांच्या घरी गेल्या. चहाचा कप हातात तसाच राहिला. "मामा, त्या मुलीला दिसलं होतं. मीच तिला बाजूला केलं."

मामी घाईने म्हणाल्या, "असं नका म्हणू. नशिबाचे भोग असतात." पण मामांनी हाताने त्यांना थांबवलं आणि काहीतरी बोलले. मामींनी उलगडून सांगितलं, "ते विचारतात, त्या पोरीला हे सांगितलंत का?"

नव्हतं सांगितलं.

गोगलगाय आता शेवटच्या वर्षात होती, स्वतः पेशंट बघत होती. मॅडमनी तिला खोलीत बोलावून बसवलं. खाली मान घालून सगळं सांगितलं. "तुझी नजर बरोबर होती. चूक माझी. तू तशीच बघत राहा."

 मुलगी म्हणाली, "मॅडम, मी नाही बघत तसं. मला वाटलं, मलाच नसतं ते दिसतं. त्या दिवसापासून पेशंट दुखतंय म्हणतील तेवढंच बघते. जिभेच्या कडा सोडून दिल्या."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या."

 एका जिभेचं ओझं उतरवायला मॅडमनी तिला बोलावलं होतं. न पाहिलेल्या जिभा किती, हे दोघींनाही सांगता येईना. बाहेर बाकावर पेशंट नंबराची वाट बघत होते.

"चल," मॅडम उठल्या. त्यांनी पेशंटांची नोंदवही काढली. "तू पाहिलेल्या प्रत्येकाला परत बोलवायचं. फोन मी करते. काय सांगायचं तेही मीच सांगेन."

मुलगी रडत होती. मॅडमनी फोन पुढे ओढला.