द्राक्षांचा वास

आमच्या लॅबमधल्या इन्क्युबेटरचं दार उघडलं की उबदार हवा तोंडावर येते. सकाळी त्या उबेत उभं राहिलं की आपण अजून झोपेतच आहोत असं मला वाटतं. त्या दिवशी त्या उबेला द्राक्षांचा वास होता.

बाबांचं सगळं आयुष्य मार्केट यार्डात द्राक्षं विकण्यात गेलं. लहानपणी ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला हाच वास यायचा आणि मी त्यांच्या मांडीवर तिथल्या तिथे झोपून जायचे. क्षणभर वाटलं, तेच मागे येऊन उभे आहेत. पण वास येत होता बशीएवढ्या एका थाळीतून, आणि तिच्यात वाढत होते बाबांच्या पायाच्या जखमेतले जंतू. या जातीला असा गोड वास येतो, हे मला पाठ होतं.

जात मोठी बेरकी. स्वतःभोवती बुळबुळीत आवरण करून बसते, आतून मांस पोखरते आणि औषध बिचारं बाहेर तिष्ठत राहतं. त्यात बाबांना मधुमेह, आणि घरात उरल्यासुरल्या गोळ्यांचा तो जुना बिस्किटांचा डबा. गोळ्या बरं वाटेपर्यंतच घ्यायच्या, उरलेल्या डब्यात. पायाला ठेच लागली तेव्हाही डबाच उघडला. आज ही गोळी, उद्या ती. मी चिडले की म्हणायचे, "तुझी लॅब तुझ्यापाशी."

एकही औषध लागू पडलं नाही तर पाय काढावा लागेल, असं सर्जननी सांगितलं होतं.

दुसऱ्या थाळीत त्याच जंतूंवर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवल्या होत्या. औषध लागू असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ रिंगण उरतं. मी एकेक टिकली बघत गेले. जंतूंची हिरवट साय प्रत्येकीला अगदी बिलगून आलेली. डब्यातली सगळी औषधं मला तिथे भेटली. शेवटच्या टिकलीभोवती मात्र रिंगण होतं. लहानसं, पण होतं. मी तिथेच उभ्या उभ्या रडले.

त्या औषधाची इंजेक्शनं सुरू झाली, जखम भरू लागली. एका सकाळी हॉस्पिटलात बाबा प्रसन्नपणे म्हणाले, "अगं, आता बरं वाटतंय. उरलेली इंजेक्शनं डब्यात ठेव. तुझ्या आईला लागतील कधीतरी."

मला आधी हसूच आलं.

"बाबा, लागू पडणारं हे शेवटचंच औषध होतं. हे अर्धवट सोडलं तर याच्यापुढे आमच्याकडे औषध नाही."

त्यांनी इंजेक्शन घेऊन आलेल्या नर्सपुढे हात केला.