युनूस सरपंचांनी न मागितलेले पाच गुंठे

युनूस विजापूरकडून आमच्या वाडीत आला तो बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला. लोणी भापकरच्या पलीकडची ही वाडी, पाण्याची कायम बोंब. पुढं विहिरींवर मोटारी बसल्या आणि जळलेल्या मोटारीत नवी तार भरायची म्हटलं की युनूसच. मराठी तर अशी बोलायला लागला, की शिव्यासुद्धा आमच्याच द्यायचा.

१९९२ ला तो पंचायतीवर निवडून आला. सरपंचपदावरून दोन भावक्या इरेला पेटल्या होत्या. भावकीच नसलेला माणूस सरपंच म्हणून दोघींनाही चालला. मी तेव्हा पंचायतीचा ग्रामसेवक होतो. असा सरपंच मला पुन्हा मिळाला नाही. नळ आधी बौद्धवस्तीत, मग वरच्या आळीत, आणि सगळ्यांत शेवटी स्वतःच्या दारात.

त्याची बायको खतिजाभाभी एकच मागणं घेऊन माझ्याकडं आली होती. वाडीत मुसलमानांची तीन घरं, पण दफनाला जागा नाही. शहाऐंशी साली तिचं तान्हं पोर गेलं, तेव्हा ते पदराखाली मांडीवर घेऊन ती एसटीनं बारामतीच्या कब्रस्तानात गेली होती. कंडक्टरला वाटलं, पोर झोपलंय.

"भाऊसाहेब, आसं पुन्हा कुणावर येऊ न्हाय. गायरानातलं पाच गुंठं मागा की," ती म्हणाली.

मी विषय काढला की युनूस म्हणायचा, "आधी शाळेची खोली होऊ द्या." खोली झाली. मग आधी रस्ता. शेवटच्या वर्षी मी त्याला न विचारताच विषय अजेंड्यावर घातला. सभेच्या सकाळी त्यानं माझ्याच पेनानं तो खोडला.

"लोक म्हणतील, उपरा आला आन आपल्यापुरतं करून गेला."

मला संताप आला. पण मीही नोकरीचा माणूस, गप्प बसलो. त्याची आजही लाज वाटते.

सत्त्याण्णवला मुदत संपली. पुढच्याच उन्हाळ्यात खतिजाभाभी काविळीनं गेली. अख्खी वाडी दारात जमली. बारामतीला न्यायला ट्रॅक्टरची ट्रॉली आली, तेव्हा म्हातारे महिपतीतात्या पुढं झाले. त्यांच्या विहिरीत युनूस कैकदा उतरला होता.

"बारामतीला का रं? आपल्या गायरानात न्हाय का जागा?"

"ठराव न्हाय झाला, तात्या."

"कुणी आडवला?"

युनूसनं माझ्याकडं पाहिलं.

"मीच," तो म्हणाला. "वाटलं, तुमी न्हाय म्हणाल."

तात्या ट्रॉलीला धरून उभे राहिले. "पंचवीस वरसं आमच्यात राहिलास, आन एकदा इचारलं न्हाईस. आमी एवढं परकं व्हय रं तुला?"

मयत दारात असताना असं बोलणं सोपं असतं. पाच वर्षांपूर्वी गावानं खरंच जागा दिली असती का, हे मला आजही ठाऊक नाही. पण युनूसला ते शब्द खरे वाटले. जनाजा उचलायची वेळ झाली, तेव्हा तात्यांनी स्वतः खांदा दिला. युनूस उंबऱ्यावरच बसून राहिला. शेवटी दोघांनी धरून त्याला ट्रॉलीत चढवलं, आणि ठरावाविना ट्रॉली बारामतीलाच निघाली.