दिवसा लावलेली कडी

आमच्या लालबागच्या चाळीत दिवसा दार लावत नाहीत. लावलंच, तर बाजूच्या काकी येऊन ठोकणार, "काय रे, कोण आजारी?"

सिनेमावाल्यांना शूटिंगसाठी नेमकं बंद दारच हवं होतं. घरात एकटी बाई, अनोळखी माणूस शिरतो आणि आतून कडी लावतो, अशी गोष्ट. मी फुटपाथवर कपडे विकत दुकानापर्यंत आलेला माणूस. त्यांना दोनदा जिना उतरायला लावला, तेव्हा कुठे ते माझी खोली मी सांगितलेल्या भाड्याने घ्यायला तयार झाले. मजल्यावरचे म्हणाले, गॅलरी सगळ्यांची आहे, वाटा सगळ्यांना हवा. मी म्हटलं, "माणूस घुसणार माझ्या घरात आणि वाटा तुमचा?" एकाची कॉलर धरली होती मी. आजही धरीन.

हिरॉईन पहिल्यांदा आतून "वाचवा!" ओरडली, तेव्हा अख्खा मजला धावत आला. काकी तर लाटणं घेऊन. शॉट फुकट गेला. मी गॅलरीत उभं राहून दम भरला, "कितीही ओरडा ऐकू आला तरी कोणी हलायचं नाही. माझं नुकसान होतं." मग कोणी हललं नाही.

सिनेमा आला, गेला. एका दुपारी मी दुकानात होतो, बायको घरी तांदूळ निवडत होती. एक माणूस बाहेर चपला काढून आत आला आणि मागे न बघता त्याने कडी लावली. आमची कडी जरा उचलून सरकवावी लागते, पाहुण्यांना शिकवावं लागतं. त्याने ती सिनेमातल्यासारखी उचलूनच सरकवली. माठातलं पाणी घेतलं, खिडकीखालच्या पलंगावर बसला आणि शांतपणे म्हणाला, "ओरडा ना."

बायको ओरडली. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग पेला जागेवर ठेवून निघून गेला.

बायकोचा फोन आला तसा मी धावत आलो, तर काकी त्यांच्या दारात लसूण सोलत बसलेल्या.

"ऐकू नाही आलं?"

"ऐकूक इला मां. माका वाटला, पिक्चरचो दुसरो भाग सुरू झालो."

"कॅमेरा दिसला का तुला कुठे?"

"बघूक कशी येव, मेल्या? तुझा नुकसान झाला असता."

कोणीतरी हसलं. ते हसू मी विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून आमची कडी दिवसाही लावलेली असते. कोणी ठोकत नाही. बायको माहेरी जायचं म्हणते. "मी ओरडले तर कोण येईल, ते दाखवा. मग राहते."

म्हणून परवा दुपारी तिला समोर बसवून मीच ओरडलो, "वाचवा!"

शेजारचा मिक्सर थांबला. टीव्हीचा आवाज बारीक झाला. पावलं दारापर्यंत आली. खालच्या फटीत सावली दिसली.

"काकी?"

बायको उठली आणि बॅग भरू लागली. मी पुन्हा ओरडलो, या वेळी मनापासून.

सावली हलली नाही. ती ऐकत होती.