बत्तीसाव्या हिश्शाचा बंब

आगीच्या बंबावर आमच्या लातूरच्या घरमालकांइतका जीव लावलेला, आणि तरीही आयुष्यात साधा स्टोव्हसुद्धा धडपणे न विझवलेला दुसरा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, म्हणजे उभा जन्म पाण्याशी संबंध. निवृत्त झाल्यावर त्यांनी आगीकडे मोर्चा वळवला, पण तोही खऱ्या आगीकडे नाही. बंबांची छोटी, हुबेहूब मॉडेलं बनवायची एवढंच त्यांचं काम. त्या कामापुढे बायको, भाडेकरू, शेजारी आणि जेवण या गोष्टी मागे पडायच्या. जेवण त्यातल्या त्यात कमी.

दहावीनंतर माझ्या वडिलांनी मला नांदेडहून लातूरला आणून सोडलं, डॉक्टर होण्यासाठी. तेव्हा लातूरला मुलं पोत्यांनी उतरत होती. भूकंपानंतर ज्या गावात माणसं दुमजली घराकडे संशयानं बघत, त्याच गावात आता गच्चीवर गच्ची चढत होती, कारण प्रत्येक मजल्यावर कुणाचं तरी डॉक्टर होऊ घातलेलं पोर ठेवता येत होतं. घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. त्यांच्या घरावर एकच मजला होता आणि त्यात आम्ही तिघी. आमची नावं पाठ करायची गरज काकांना कधी वाटली नाही. एकीचं गाव माहूर, दुसरीचं हिमायतनगर, माझं नांदेड. "माहूर, मोटार बंद कर! हिमायतनगर, जिन्यातला लाइट! नांदेड, इकडं ये जरा!" रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, आत एसटी स्टँड आहे.

त्यांचं सगळं जग एकास बत्तीस या प्रमाणात चालायचं. पहिल्या दिवशी त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं आणि म्हणाले, "पाच सेंटिमीटर. बंबाच्या मागच्या पायरीवर बरोबर उभी राहशील." वडिलांनी हे कौतुक समजून मान डोलावली. मी तशी फार बोलत नसे, आणि काकांना अशीच माणसं आवडत. त्यांच्या बंबांच्या शेजारी उभी करायला बरी.

सलाईनच्या नळीचा पाण्याचा पाइप, इंजेक्शनच्या सिरिंजचा पंप, रिकाम्या रिफिलींची शिडी, कंपासपेटीच्या पत्र्याचं बंपर. घरात कुणी आजारी पडलं की काका आधी डॉक्टरांच्या कचऱ्याच्या डब्याची चौकशी करत. लाल रंग मात्र फक्त नेलपॉलिशचा, कारण त्यांच्या मते दुसऱ्या कुठल्याच रंगाला बंबाची चकाकी येत नाही. गंजगोलाईतल्या बांगड्यांच्या दुकानाबाहेर दहा बोटांना दहा प्रकारचे लाल लावून, दोन्ही हात उन्हात पसरून उभे असलेले काका मी स्वतः पाहिलेत. मी कोचिंगच्या मैत्रिणींबरोबर होते आणि ओळख न दाखवता पुढे निघाले होते. पण "नांदेड! हा बरा का हा?" अशी हाक आली. दुकानदार म्हणाला, "काका, काकूंनाच घेऊन या की. त्यांच्या हातावर बघू." काका चिडले. "त्यांचा काय संबंध? गाडीला लावायचाय!" घरी काकूंनी ती बाटली उजेडात धरून पाहिली. "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला एक टिकलीचं पाकीट आणलं न्हाई. बंबाला नेलपॉलिश!"

माझ्या इंग्लिश मीडियमचा लातुरात जो काही उपयोग झाला, तो इथं. फिजिक्सच्या नोट्स बाजूला ठेवून मला परदेशी बंबांची माहितीपत्रकं काकांना वाचून दाखवावी लागत. कुठल्या कप्प्यात कुऱ्हाड, कुठल्यात दोर, कुठल्यात काय. उभ्या गाडीची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांच्याखाली लावायच्या उट्या असतात आणि त्यांच्यावर पिवळे-काळे पट्टे असतात, हे मी वाचलं, तेव्हा काकांनी माझ्याकडे प्रथमच माणसासारखं पाहिलं. मग त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढ्या लाकडी उट्या केल्या आणि ब्रशच्या एका केसानं पट्टे मारले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मारले. आणि सगळ्या उट्या ज्या त्या बंबाच्या कप्प्यात बंद करून टाकल्या. चाकाखाली एकही लावली नाही.

"लावा की," मी म्हणाले.

"न्हाई. माझ्या गाडीचं चाक मोकळं पाहिजे."

का, ते काकूंनी सांगितलं. घराच्या पुढे, गल्लीच्या वळणावर, काकांची एक पत्र्याची खोली होती. बंब तिथंच बनत, तिथंच राहत, आणि काकाही तिथंच झोपत. भूकंपाच्या पहाटे ते स्लॅबखालून काकूंना ओढत बाहेर आले. घराला एक तडाही गेला नाही, पण काका पुन्हा आत झोपायला गेले नाहीत. लोक काही दिवस अंगणात झोपले, काही महिने झोपले, मग घरात गेले. काकांनी मात्र पत्रे आणले. "स्लॅब पडला तर माणूस संपतो. पत्रा पडला तर टाके पडतात," असा त्यांचा हिशेब. त्या दिवसांत लोक भांड्यावर भांडं रचून ठेवत, जमीन हलली की आवाज व्हावा म्हणून. काकांनी लेकाचा खेळण्यातला बंब कपाटावर, तोंड कडेकडे करून ठेवला. जमीन हलली तर गाडी घरंगळून खाली पडेल आणि आपण पळू. जमीन काही हलली नाही. लेक मोठा होऊन पुण्याला गेला. खेळण्यातल्या बंबाचा रंग उडाला म्हणून काकांनी तो रंगवायला घेतला, आणि तिथून हे सगळं लागलं.

इतपत वेड गल्लीला चालत होतं. पण शेजाऱ्यांनी आपल्या हॉस्टेलवर चौथा मजला चढवायला घेतला आणि काकांना नवीनच प्रश्न पडला. या गल्लीत बंब शिरणार कसा? शेजाऱ्यांच्या पायऱ्या रस्त्यात, त्यांचं जनरेटर रस्त्यात, समोरच्या मेसच्या शेगड्या रस्त्यात. काकांनी गल्ली मोजायला घेतली. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. सकाळच्या बॅचची शंभर पोरं सायकलींवरून माझ्याकडे बघत जायची, आणि काका ओरडायचे, "नांदेड, ताठ धर! ढिला धरलास तर माणसं मरतील!"

मग दोन प्लायवूड जोडून गल्ली तयार झाली. खोक्यांची घरं, त्यांच्यावर नेमके मजले, नेमक्या पायऱ्या, जनरेटरसुद्धा. लोक बघायला येऊ लागले, पण काकांना पाहिजे होतं ते बघायला नाही. ज्याला त्याला आपलं घर बघायचं होतं. "माझ्या गॅलरीला ग्रिल हाय, ते न्हाई दाखवलं," मेसवाल्या मावशी म्हणाल्या. हॉस्टेलवाल्या शेजाऱ्यांनी आपलं खोकं निरखलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, पाचवा मजलाबी टाकून द्या की. इरादा हाय आपला."

एका रविवारी काकांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. मॉडेलात बंब अडकेल तिथं खऱ्या गल्लीत खडूची खूण करायची, आणि ज्याची जागा असेल त्यानं ती मोकळी करायची, असं त्यांनी सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. सगळ्यांनी माना हलवल्या, कारण काकूंनी पोहे केले होते. शेजारी पोहे खाता खाता म्हणाले, "भाऊसाहेब, बंब कशाला पाहिजे? आमच्या पोरींना स्वयंपाक करूच देत न्हाई. आग लागंल कशी?"

"ते आगीला सांगा," काका म्हणाले आणि बंबाला बांधलेला दोरा ओढायला लागले.

त्यांचा सगळ्यात चांगला बंब होता तो. पुढची चाकं वळायची. शेजाऱ्यांच्या पायऱ्यांपाशी तो अडला. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी खडू घेऊन उठले, पण त्यांनी बंब थोडा मागे घेऊन पुन्हा वळवला आणि तो निघाला. जनरेटरला आरसा घासला, निघाला. शेगड्यांपाशी तर बोटभर जागा उरली. काकांचा चेहरा उतरत चालला होता. एवढी सगळी गल्ली गुन्हेगार, आणि बंब आपला चाललेला. मग वळण आलं. बंब वळला आणि त्याची मागची बाजू एका खोक्यात घुसून थांबली. काकांनी मागे घेऊन पाहिलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं, चाकं पार तिरकी करून पाहिलं. खोक्यावर बारीक पन्हळी पत्रा होता, काकांनी स्वतःच्या हातांनी दुमडलेला.

शेजारी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "नांदेडवाली, खडू घे गं! भाऊसाहेबांच्या खोलीवर मार खूण!"

मी खडू घेऊन नुसती उभी राहिले. काकू पोह्याच्या ताटल्या गोळा करत होत्या. त्यांनी खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मोजायला चुकलं म्हणा, आन् संपवा. उगं कामून तमाशा?"

खोली जाणार म्हणजे काकांना स्लॅबखाली जावं लागणार, हे त्या ओट्यावर काका-काकू दोघांनाच नीट कळत होतं. काकांनी टेप उचलला, खऱ्या वळणावर जाऊन एकटेच मोजून आले. मग माझ्यापुढे हात केला.

"माप माझं हाय," ते म्हणाले. "चुकत न्हाई." आणि खडू घेऊन त्यांनी आपल्या पत्र्यावर आडवी रेघ मारली.

आम्हा सगळ्यांना वाटलं, रेघ मारली, झालं. गल्लीतल्या बाकी शब्दांचं जे होतं तेच याचं होणार. पण आठवडा उलटायच्या आत काकांनी माणसं लावली. नुसता कोपरा छाटायचा विचार होता, पण त्या खोलीत कोपऱ्याशिवाय फारसं काही नव्हतंच. सगळे बंब आमच्या कॉटखाली आले. मी ऑरगॅनिक केमिस्ट्री पाठ करत पाय खाली सोडले की शिडी टोचायची. काकांनी रिकाम्या झालेल्या वळणावर आपली बाज टाकली आणि आभाळाखाली झोपू लागले. म्हणजे ज्या जागेसाठी खोली पाडली, ती जागा आता काकांनीच अडवली. काकू म्हणाल्या, "बंब आला तर आधी तुम्हालाच चिरडंल." शेजाऱ्यांनी मात्र वेळ दवडला नाही. त्यांनी हॉस्टेलच्या पाटीखाली नवी ओळ रंगवून घेतली, 'दारापर्यंत अग्निशामक गाडी येण्याची सोय', आणि पालकांना ते वळण हात करून दाखवू लागले. पालक बाजेवर झोपलेल्या काकांना वॉचमन समजायचे.

बंब काही आला नाही. त्या उन्हाळ्यात नळ कोरडे पडले आणि आला तो पाण्याचा टँकर. पूर्वी आत आलं तर वळणावरून बाहेर निघता येत नाही म्हणून तो मोठ्या रस्त्यावरच थांबायचा आणि बायका, पोरी, आम्ही सगळ्या घागरी-बादल्या घेऊन धावायचो. आता तो सरळ दारात येऊन वळणावरून बाहेर निघू लागला. फक्त बाज उचलावी लागायची. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, काका उशी काखेत मारून उठायचे, बाज भिंतीला उभी करायचे आणि मग दोन्ही हात उंचावून त्याला वळवायचे. "येऊ द्या! येऊ द्या! आणखी! बस!" एवढ्या ऐटीत, की मागे अर्धं लातूर पेटलंय असं वाटावं. टँकर गेला की म्हणायचे, "टँकर हाय. बंब न्हाई." पण टँकर वेळी-अवेळी यायचा. शेवटी एक दिवस काकू बाज घरात घेऊन गेल्या आणि काका तिच्या मागोमाग. स्लॅबखाली. कपाटावर, तोंड कडेकडे करून, सगळ्यात चांगला बंब.

त्यानंतर माझी परीक्षा झाली आणि मी नांदेडला परतले. डॉक्टर होण्याइतके मार्क मला पडले नाहीत. वडिलांनी लातूरचं नाव घेणं बंद केलं. काकांना मात्र त्यात विशेष काही वाटलं नसावं. फोनवर ते एवढंच म्हणाले, "बरं झालं. माहितीपत्रकं वाचायला येशील का?"

मी लातूरला पुन्हा गेले ते पुढच्या हिवाळ्यात. काका गोलाईत नेलपॉलिश आणायला गेले होते. काकूंनी चहा केला आणि आतल्या खोलीत नेऊन कपाटाकडे बोट दाखवलं. "पहिल्या पहिल्यानं लई हाल झाले बघ. टँकर आला की घर हादरायचं, गाडी धाडकन् खाली. हे उघड्या पायानं रस्त्यावर, आन् माझा हात धरून मलाबी ओढायचे. शेजारी हसून राहिले. कंटाळून मी चाकाखाली एक चिंचोका सरकवला. आता पडत न्हाई. झोपतात बिचारे." मग त्यांनी आवाज खाली केला. "त्यांना म्हाईत न्हाई. तू बोलू नको."

मी नाही बोलणार, असं म्हटलं. न बोलणं मला जमतं. काकू कप घेऊन स्वयंपाकघरात गेल्या, तेव्हा मी खुर्चीवर चढून पाहिलं. पुढच्या चाकाखाली चिंचोका होता, घट्ट बसवलेला. त्याच्यावर ब्रशच्या एका केसानं मारलेले पिवळे-काळे पट्टे होते.