पर्पजमामा

मोठ्या विद्यापीठात पुढचं शिकायला जायचं, तर ‘मला हेच का शिकायचंय’ हे दोन पानांत पटवून द्यावं लागतं. त्याला म्हणतात स्टेटमेंट ऑफ पर्पज. ज्यांना स्वतःचाच हेतू ठाऊक नसे, ती पोरं जिन्याखालच्या एका खोलीत यायची. तिथे बसणारे गृहस्थ हेतू टाइप करून द्यायचे. सगळे त्यांना पर्पजमामा म्हणत आणि स्वारी त्यावर खूश असे. कोणाला आजारी आजोबा, कोणाला पुरात वाहून गेलेली शाळा. मामांचा हात भलताच सढळ.

एकदा एक पोरगा अगदीच कोरा निघाला. कानाची यंत्रं बनवायला शिकायचं होतं, पण का, ते सांगता येईना. मामांनाही काही सुचेना, तेव्हा त्यांनी घरातलीच गोष्ट उचलून दिली. त्यांच्या बहिणीला ऐकू येत नाही; ती कुकरच्या दांड्याला हात लावून शिट्ट्या मोजते. पोरगा पैसे देऊन गेला आणि मामा विसरूनही गेले.

पुढे सख्खी भाचीच आईला घेऊन दारात उभी. तिनेही त्याच शिक्षणासाठी अर्ज केला होता आणि मामांना मुद्दाम दाखवला नव्हता. आपलं आपण लिहायचं होतं तिला. आता विद्यापीठाने कळवलं होतं, की हाच कुकरचा प्रसंग आधीच्या एका अर्जात आहे, खुलासा करा, नाहीतर अर्ज बाद.

“मामा, आपल्या स्वयंपाकघरातलं बाहेर कोणाला कसं कळेल?” तिने विचारलं.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं काय ते चार ओळींत लिहून दिलं असतं, तर पोरीचा अर्ज वाचला असता. पण धंदा बसला असता, आणि त्याहून वाईट म्हणजे ते भाचीच्या नजरेतून उतरले असते. योगायोग असेल, असं काहीबाही ते बोलून गेले. तिला ते चक्क पटलं. मग दुसरं काहीतरी तूच रचून दे, तुला जमतं, असं ती म्हणाली, तेव्हा मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते कॉम्प्युटरकडे वळले. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी ते स्वतःशीच म्हणाले, “मीच विकली. मीच.”

समोरच्या बाकावरून बहीण त्यांच्या तोंडाकडे बघत होती. इतकी वर्षं ती माणसांचं बोलणं असंच ऐकत आली होती. ती उठली आणि तिने मामांची खुर्ची भाचीकडे फिरवली.

“आता तिला ऐकू येईल असं बोल,” ती म्हणाली.